आधी करंट, मग हवा, कार्बोरेटर शेवटी

जुन्या गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे. गाडी सिग्नलला थरथरते, पिकअप देत नाही, मध्येच बंद पडते, आणि गॅरेजमध्ये कुणीतरी कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, उघडून बसलं आहे. परळच्या गल्लीत टॅक्स्या आणि घरगुती गाड्या दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, म्हणून हे कळकळीने लिहितो. करंट कमी पडला किंवा इंजिनाने भलत्या जागेतून हवा ओढली, तर दोन्हींची लक्षणं कार्बोरेटर बिघडल्यासारखीच दिसतात. त्या भरात चांगला कार्बोरेटर खोलला जातो, त्याचे स्क्रू फिरवले जातात आणि मूळ दुखणं तसंच राहून वर दुसरं जडतं. पत्रं निवडताना हाच विचार ठेवला आहे.

प्रश्न : मेस्त्री, नमस्कार. आमच्याकडे १९७७ सालची अँबेसेडर मार्क ३ आहे. सासऱ्यांनी घेतलेली, आता मी चालवते. ईस्टर्न एक्स्प्रेसवर पन्नास-साठच्या वेगाला छान पळते, पण सिग्नलला थांबली की इंजिन लंगडतं, कधी बंदही पडतं. स्लो (उभ्या गाडीतला इंजिनाचा किमान वेग) वाढवून ठेवला की चालू राहते, पण मग तापते. कार्बोरेटरचं किट दोनदा बदललं, प्लग नवे टाकले. आता गॅरेजवाले म्हणतात की पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवू. काय करू? – एक वाचक, मुलुंड

ताई, इंजिन उतरवायला अजून होकार देऊ नका. अर्धं निदान तुमच्या पत्रातच आहे. हायवेला त्रास नाही, सिग्नलला आहे. म्हणजे गाडी बहुधा एअर घेतेय.

स्लोवर असताना कार्बोरेटरची थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप, जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन खाली येताना ओढतात, पण हवेला वाट नसते, म्हणून मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटरपासून सिलिंडरपर्यंतच्या नळीत) जोरदार व्हॅक्यूम तयार होतो. अशा वेळी पॅकिंगला बारीकशी फट असली, तरी तिथून घुसलेली हवा एकूण हवेतला मोठा वाटा होऊन बसते. त्या हवेबरोबर पेट्रोल येत नाही. मिश्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, पातळ होतं आणि एखाद-दुसरा सिलिंडर पेटतच नाही. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल उघडते, व्हॅक्यूम उतरतो, सरळ वाटेने भरपूर मिश्चर येतं आणि तीच फट कुणाच्या खिजगणतीत राहत नाही.

करंटचं दुखणं बहुतेक वेळा याच्या उलट वागतं. थ्रॉटल उघडली की सिलिंडरमध्ये जास्त मिश्चर दाबलं जातं, आणि दाबलेल्या मिश्चरमध्ये ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून अशक्त कॉइल (बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीपुरतं चढवते ती) किंवा तडकलेली एचटी वायर (तो करंट प्लगपर्यंत नेणारी) सिग्नलला गप्प बसते आणि पेडर रोडच्या चढावर वरच्या गिअरमध्ये मिसिंग मारते. याला अपवाद असतात, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून नक्की ठरतं.

तुमच्या गाडीचं १४८९ सीसीचं इंजिन मूळ ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी सीरिजचं आहे. त्यात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकाच पॅकिंगवर बसतात, आणि चार सिलिंडरना इनलेटची तोंडं दोनच असतात : एक पहिल्या-दुसऱ्याला, एक तिसऱ्या-चौथ्याला. निदान करणाऱ्याला ही रचना फार कामाची आहे. गाडी गरम करा, दहा मिनिटं नुसती स्लोवर चालवा, मग बंद करून चारही प्लग काढा आणि क्रमाने मांडून ठेवा. पुढचे दोन पांढरेफटक आणि मागचे दोन तपकिरी दिसले, तर पुढच्या तोंडाचं पॅकिंग हवा घेतंय. चारही पांढरे असतील, तर दोष सगळ्यांच्या सामायिक वाटेवर आहे : कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग, थ्रॉटलचा झिजलेला स्पिंडल, किंवा ब्रेक बूस्टर बसवलेला असेल तर त्याचा पाइप. एकच प्लग वेगळा दिसला, तर मॅनिफोल्ड सोडा आणि तो प्लग, त्याची वायर, त्याच सिलिंडरचे व्हॉल्व यांच्याकडे बघा.

आता नेमकी जागा. बऱ्याच गॅरेजमध्ये चालू इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनरचा स्प्रे मारून गळती शोधतात. तुमच्या गाडीवर हे कुणालाही करू देऊ नका. एक्झॉस्ट तिथेच खाली तापलेलं असतं, आग लागायला क्षण पुरतो. त्यापेक्षा लहान ब्रशने पॅकिंगच्या कडेवर थोडं थोडं इंजिन ऑइल लावत जा. जिथे फट असेल तिथे ऑइल आत ओढलं जातं, ती घटकाभर बुजते आणि इंजिनाचा आवाज तुमच्यासमोर सुधारतो. दुसरा मार्ग रबरी नळीचा. हातभर नळी घ्या, एक टोक कानाशी धरा, दुसरं सांध्यांवरून फिरवा. हवा ओढल्याची सुसू अगदी स्पष्ट ऐकू येते. फॅन आणि फॅनबेल्टपासून नळी, ओढणी आणि बाही दूर ठेवा. थ्रॉटलचा स्पिंडल बोटाने वर-खाली हलवून बघा. हलवताना स्लो बदलत असेल, तर कितीही किटं घातली तरी उपयोग नाही. स्पिंडलला नवं बुश लागेल.

पॅकिंग बदलताना एक गोष्ट डोळ्यांनी बघा, मेस्त्रीच्या भरवशावर सोडू नका. मधल्या स्टडवरचा जाड वॉशर इनलेट आणि एक्झॉस्ट दोघांच्या कानांवर एकत्र दाब देतो. दोन्हींची जाडी सारखी नसेल, तर वॉशर तिरका बसतो, नट आवळल्यासारखा वाटतो, पण एक बाजू सैलच राहते. नवं पॅकिंग घालूनही महिन्याभरात तक्रार परत येते ती यामुळे. जाडी फाइलने किंवा मशिनवर जुळवून घ्यायची, पट्टी लावून मॅनिफोल्डचा चेहरा सपाट आहे का बघायचा आणि नट थंड इंजिनावर आवळायचे.

एवढं झाल्यावरच मिश्चरला हात लावा. तुमच्याकडे एसयू जातीचा कार्बोरेटर असेल, तर कार्बोरेटरच्या आतला पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलून पाहा. इंजिनाचा वेग किंचित वाढून पुन्हा जागेवर आला तर मिश्चर बरोबर. वाढून वाढलेलाच राहिला तर जाड. इंजिन मरायला लागलं तर पातळ.

रिंगांबद्दल : कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजल्याशिवाय कुणी रिंगा गेल्या म्हणू नये. चारही सिलिंडर कोरडे मोजा, मग कमी आलेल्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. ऑइलने आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व. चारही आकडे जवळपास सारखे आले, तर इंजिन आहे तिथेच राहू द्या.

प्रश्न : माझे वडील कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात होते, म्हणून १९९२ सालची पद्मिनी आम्ही विकली नाही. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते. दुपारी सायनच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की अचानक बंद. वीस-पंचवीस मिनिटांनी काही न करता पुन्हा चालू. एक मेकॅनिक म्हणतो पेट्रोल पंप, दुसरा म्हणतो कॉइल. मी सध्या कॉइलवर ओलं फडकं ठेवतो. – एक वाचक, चेंबूर

दादा, पहिलं काम म्हणजे कॉइलवरचं ओलं फडकं काढा. जिथे एचटी वायर बसते त्या तोंडाशी पाणी गेलं, की करंट ओलाव्यावरून खाली उतरतो आणि प्लास्टिकवर कायमची काळी रेघ पडते. मग कॉइल थंड असतानाही फसवायला लागते.

दोन्ही मेकॅनिक बरोबर असू शकतात. तापल्यावर बंद पडणं हे कॉइल, कंडेन्सर (पॉइंटच्या टोकांवरची ठिणगी शोषणारा छोटा पार्ट) आणि पेट्रोलची वाफ या तिघांचंही लक्षण आहे. गाडी थंड झाल्यावर गॅरेजमध्ये नेऊन काहीच सापडत नाही, कारण तिथे पोचेपर्यंत तिघंही शहाणी झालेली असतात. म्हणून तपासणी बंद पडल्या जागीच, त्याच मिनिटाला करायची. डिकीत एक चांगला जादा प्लग, एक टेस्टलॅम्प आणि चिमट्याची वायर ठेवा.

गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडा, पेट्रोल कुठे सांडलेलं नाही ना बघा. डेल्कोच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या) टोपीतून कॉइलची मधली वायर काढून जादा प्लगला लावा, प्लगचं धातूचं अंग चिमट्याने इंजिनाला जोडा आणि तो कार्बोरेटरपासून लांब ठेवा. हातात धरू नका. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, कडकडीत ठिणगी आली तर करंट ठीक आहे, पेट्रोलकडे वळा. पिवळट, बारीक आली किंवा आलीच नाही, तर पेट्रोल पंपाला हात लावू नका.

करंट नसेल तर टेस्टलॅम्पचं एक टोक अर्थला आणि दुसरं कॉइलच्या डेल्कोकडे जाणाऱ्या टर्मिनलला लावून पुन्हा सेल्फ मारा. दिवा लुकलुकला तर पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी डेल्कोतली टोकं) उघडमीट करताहेत. संशय कॉइलवर आणि कंडेन्सरवर जातो. दिवा सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्यावर घाण आहे. दिवा अजिबात पेटला नाही तर तोच कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलला लावा. तिथे पेटला, तर एक तर कॉइलच्या आतली तार तापून तुटते आहे, नाही तर पॉइंटकडची वायर किंवा कंडेन्सर कुठेतरी अर्थ झाला आहे. डेल्कोकडची वायर कॉइलवरून सोडवून पाहा. सोडवल्यावर दिवा पेटला तर दोष डेल्कोत, तरीही नाही पेटला तर दोष कॉइलमध्ये. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम, आणि यात एकही पार्ट विकत घ्यावा लागत नाही.

कॉइलविषयी आणखी एक. साधी कॉइल दोन टर्मिनलांमध्ये साधारण ३ ओहम दाखवते. बाजारात दीड ओहमच्या कॉइलही मिळतात. त्या वेगळा रेझिस्टर लावलेल्या गाड्यांसाठी असतात. दिसायला दोन्ही सारख्या. दीड ओहमवाली थेट जोडली तर तिच्यातून दुप्पट करंट जातो, ती भाजते आणि पॉइंटही जाळते. मल्टिमीटर लावून तुमची कोणती ते आधी बघा. तापल्यावर ३ चे साडेतीन झाले तर घाबरू नका, तांब्याचा तो स्वभावच आहे. आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून रेडिओ ऐकायची सवय कुणाला असेल तर ती मोडा. पॉइंट मिटलेले असले तर तेवढा वेळ कॉइल नुसती तापत राहते.

पॉइंटची टोकं निळी-काळी पडली असतील, तर कंडेन्सर आधी बदला. तो सगळ्यांत स्वस्त आहे आणि तापल्यावर फसण्यात पटाईत आहे. मात्र गाडीत चालत असलेला जुना अस्सल कंडेन्सर फेकू नका. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही राहिली नाही. रोज पॉइंट-कंडेन्सर घेणारं गिऱ्हाईक त्यांच्याबरोबर संपलं. ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला माल अजून मिळतो, पण तो बसवून, तापवून, पारखून घ्यावा लागतो. वडिलांच्या वेळचा एखादा सीलबंद डबा घरात असेल तर तो जपा.

ठिणगी निळी असेल तर पेट्रोलची वाफ. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत ते लवकर वाफाळतं आणि जुन्या रबराला मऊ करतं. ओलं फडकं वापरायचंच तर बंद पडल्यावर ते पेट्रोल पंपावर ठेवा. त्यावर गाडी दोन-तीन मिनिटांत चालू झाली, तर तुमचं निदान झालं. मग पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून दूर वळवून घ्या, मध्ये पत्र्याचा आडोसा द्या, रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला.

प्रश्न : आमची १९६८ ची फियाट डिलाइट माहीमला समुद्राजवळच्या इमारतीत उघड्यावर उभी असते. जून ते सप्टेंबर सकाळी सुरूच होत नाही. बॅटरी नवी आहे. दुपारी ऊन पडलं की निमूट चालू होते. – एक वाचक, माहीम

ऊन पडल्यावर चालू होते, म्हणजे ओलावाच. पण कुठला ते शोधायला रात्र हवी. दिवे मालवलेल्या जागी बोनेट उघडा, इंजिन चालू करा आणि एचटी वायरींवर बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा. जिथून करंट गळतो तिथे निळसर रेषा नाचताना दिसतात. वायर धातूला टेकते तिथे, प्लगच्या बुडाशी किंवा डेल्कोच्या टोपीवर. हात लांब ठेवा.

सकाळी डेल्कोची टोपी उघडून आतून कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि खिडकीच्या उजेडात बघा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ती पुसून जात नाही, टोपी बदलायची. मधला कार्बन सुटा होऊन पडला नाही ना, तेही बघा. रोटरची (टोपीच्या आत फिरणाऱ्या तुकड्याची) परीक्षा अशी : टोपी काढून कॉइलची मधली वायर इन्सुलेशनच्या पक्कडीने रोटरच्या पितळी पट्टीच्या किंचित वर धरा आणि चावी चालू ठेवून पॉइंट उघडा. ठिणगी पट्टीवर उडी मारू लागली, तर रोटर आतून शाफ्टला करंट देतोय. चांगल्या रोटरवर ती उडणार नाही.

तुमच्याकडे समुद्राची खारी हवा हा आणखी एक शत्रू आहे. चावीपासून कॉइलपर्यंतच्या प्रत्येक जोडावर हिरवट थर बसतो. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या चावीकडच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा आणि बॅटरीवर मोजा. एक व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वाटेत कुठेतरी गंज आहे. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी बहुतेक वेळा विसरली जाते. ती काढून दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चमकवा आणि व्हॅसलिन लावून आवळा. दमट सकाळी सेल्फ स्वतःच एवढं व्होल्टेज खातो, की कॉइलच्या वाट्याला उरलेलं अशा जोडांत संपून जातं.

प्रश्न : काका, मी ऑटोमोबाइल डिप्लोमाला आहे. मामाच्या पद्मिनीवर शिकतोय. व्हॅक्यूम गेज घेतला, काटा स्लोवर १५ इंचांवर (पाऱ्याच्या) स्थिर असतो. कॉलेजच्या तक्त्यात १७ ते २१ नॉर्मल लिहिलंय. शिवाय ॲक्सिलरेटर हळू दाबला की मध्येच एक झटका बसतो. एअर लीक समजू का? – एक विद्यार्थी, भांडुप

बाळा, गेज घेतलास याचा फार आनंद झाला. शंभर रुपयांचा पार्ट आणायच्या आधी मोजून बघणारी मुलं या धंद्यात हवी आहेत.

काटा स्थिर आहे ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. स्थिर पण खाली, १४-१५ च्या आसपास, याचा पहिला अर्थ टायमिंग, म्हणजे ठिणगी उडायची वेळ, मागे आहे. मॅनिफोल्डची मोठी गळती काट्याला याहूनही खाली, दहाच्या खाली नेते आणि स्लो धड राहू देत नाही. म्हणून आधी पॉइंटची फट फिलर गेजने लाव आणि मगच टायमिंग बघ. फट बदलली की टायमिंग बदलतंच, हा क्रम उलटा करू नकोस. टायमिंग लाइटने बघताना, डेल्कोला टायमिंग पुढे-मागे करणारी व्हॅक्यूमची डबी असेल तर तिचा पाइप काढून त्याचं तोंड बंद कर. डेल्को हळूच फिरवलास की काटा चढताना दिसेल. मोह होईल की जास्तीत जास्त व्हॅक्यूमवर ठेवावं. तसं करू नको. तिथे टायमिंग गरजेपेक्षा पुढे गेलेलं असतं आणि चढावर इंजिन खडखडतं. कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यावर लाव, गेज फक्त साक्षीला ठेव.

काट्याच्या इतर सवयीही लिहून ठेव. ठरावीक अंतराने काटा टपकन पडत असेल तर एक व्हॉल्व जळलाय किंवा एक सिलिंडर पेटत नाही. स्लोवर काटा वेगाने थरथरतो आणि वेग वाढवल्यावर शांत होतो, तर व्हॉल्वची गाइड झिजली. वेग वाढवल्यावर थरथर वाढते, तर स्प्रिंगा ढिल्या. काटा सावकाश वर-खाली तरंगत असेल तर प्लगची फट किंवा मिश्चर बघ. वेग दोन-अडीच हजारांवर धरून ठेवल्यावर काटा हळूहळू उतरत गेला, तर सायलेन्सर आतून बंद झालाय. आणि थ्रॉटल झटकन उघडून सोडलीस, की काटा शून्याजवळ पडून २४-२५ पर्यंत उसळला पाहिजे, मग जागेवर यावा. तेवढा उसळला नाही तर रिंगांचा विचार कर. हे सगळे आकडे समुद्रसपाटीचे, म्हणजे मुंबईचे. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. सुमारे दोन हजार फुटांवरच्या लोणावळ्यात हीच गाडी दोन इंच कमी दाखवेल आणि ती निरोगीच असेल.

आता तुझा झटका. मला वाटतं खरी मेख इथेच आहे. तुमच्या डेल्कोला व्हॅक्यूमची डबी असेल तर तिचा पाइप काढ, तोंडाने ओढ आणि जीभ लावून धर. टोपी उघडी ठेवलीस तर आतली पॉइंटची प्लेट सरकलेली दिसेल, आणि जीभ काढेपर्यंत तिथेच राहायला हवी. सरकून परत आली तर डायफ्रॅम फाटलाय. तोही एक एअर लीकच. प्लेट सरकते आणि टिकते, तर आता टोपी बसवून इंजिन स्लोवर चालव आणि पुन्हा तसंच ओढ. वेग थोडा वाढला पाहिजे. त्याऐवजी इंजिनाने झटका दिला किंवा बंद पडलं, तर प्लेटबरोबर हलणाऱ्या दोन बारीक वायरी बघ, एक पॉइंटची आणि एक अर्थची. वर्षानुवर्षं वाकून त्यांची आतली तार तुटते, वरून कव्हर शाबूत दिसतं. प्लेट हलली की करंट तुटतो. स्लोवर कार्बोरेटरमधून डबीला व्हॅक्यूम मिळत नाही म्हणून गाडी शांत, थ्रॉटल थोडी उघडली की मिळतो म्हणून झटका. लोक याला ॲक्सिलरेटर पंपाचा दोष समजून कार्बोरेटर खोलतात. बदलताना लवचिक, अनेक तारांची वायर घे; जाड वायर प्लेटला हलूच देत नाही.

जाता जाता डेल्कोचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघ. तो हलताना पॉइंटची फट बदलत असेल, तर बुश झिजलंय आणि चारही सिलिंडरना वेगवेगळं टायमिंग मिळतंय. असा डेल्को कितीही सेट केला तरी स्थिर राहत नाही.

प्रश्न : पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवावं का? – एक वाचक, दादर

रोज चालवायची गाडी असेल तर बसवा, रविवारी फिरवायची असेल तर माझं मत पॉइंटच्या बाजूने आहे. पॉइंट मरताना आधी कुरकुरतात, रस्त्यात पॉलिश पेपरने घासून घरी पोचता येतं. किट गेलं की क्षणात जातं. बसवणारच असाल तर शाफ्टचं बुश, अर्थिंग आणि कॉइलचे ओहम आधी ठीक करा, कारण यातलं काहीही किटने बरं होत नाही. एचटी वायरी रेझिस्टन्सच्या घाला. आणि पॉइंट-कंडेन्सर लावून सेट केलेली जुनी प्लेट कापडात गुंडाळून डिकीत ठेवा.

प्रश्न : पीयूसीला माझी १९८९ ची पद्मिनी नापास झाली. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मर्यादेत आहे, एचसी (हायड्रोकार्बन) जास्त. तिथला मुलगा म्हणाला मिश्चर अजून पातळ करून आणा. – एक वाचक, बोरिवली

पातळ करू नका, एचसी आणखी वाढेल. तुमच्या सालच्या पेट्रोल गाडीला सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएमची मर्यादा आहे. सीओ वाढतो तो पेट्रोल जास्त असल्यामुळे. सीओ कमी आणि एचसी जास्त, याचा अर्थ पेट्रोल जास्त नाही, ते न पेटताच सायलेन्सरमधून बाहेर जातंय. कुठल्या तरी सिलिंडरला ठिणगी मिळत नाही, किंवा हवा घुसून मिश्चर इतकं पातळ झालंय की ते पेटत नाही. एकेका प्लगची वायर इन्सुलेशनच्या पक्कडीने काढून तिला अर्थ द्या. जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर तुमचा गुन्हेगार. त्याचा प्लग, वायर आणि टॅपेट तपासा, मग मुलुंडच्या ताईंना सांगितलेली ऑइलची तपासणी करा. दुरुस्तीनंतर अर्धा तास गाडी चालवून पुरती गरम करा, चोक पूर्ण आत आहे ना बघा आणि तशीच थेट केंद्रावर न्या.